पापणीतल्या तेलाच्या ग्रंथी तुंबल्यात : शेक कशाने द्यायचा, किती द्यायचा?

शिरोडा_नाका

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, आता गरज पडली म्हणून धागा काढतेय. मी वेंगुर्ल्याची, मुंबईच्या कंपनीची नोकरी घरून करते, म्हणजे सकाळपासून लॅपटॉप आणि रात्री परत मोबाईल. गेले काही महिने डोळ्यांतून सारखं पाणी येतंय, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, संध्याकाळी वाळू गेल्यासारखं टोचतं आणि मधेच अक्षरं धूसर होतात, मग डोळे मिचकावले की परत नीट दिसतं. पापणीची कड लाल, त्यात एकदा रांजणवाडीही होऊन गेली. डॉक्टरांनी मशीनवर बघितलं आणि म्हणाले ड्राय आय आहे, पापणीतल्या तेलाच्या ग्रंथी ब्लॉक झाल्यात, गरम शेक द्या आणि हे ड्रॉप घाला. बाहेर ही रांग होती, त्यामुळे जास्त विचारता आलं नाही.

आता मला सांगा, इथे जूनपासून पापड वाळत नाहीत, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आणि माझे डोळे तेवढे कोरडे? बरं कोरडे तर कोरडे, मग पाणी कसलं येतंय? आणि शेक म्हणजे नक्की काय करायचं? आई म्हणते तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडी लाव.

बांगडेप्रेमी

मिठाची पुरचुंडी डोळ्याला नको हो, ती गुडघ्याला. बाकी वाचतोय, कारण माझंही सेमच चालू आहे.

चष्मेवाले_काका

मी रत्नागिरीत बरीच वर्षं डोळे तपासायचं काम केलं, आता निवृत्त. डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट, त्यामुळे औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण यंत्रणा समजावून सांगतो.

आपल्या पापणीच्या आत उभ्या ओळीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिश माइबोम नावाच्या जर्मन डॉक्टरने १६६६ साली त्यांचं सविस्तर वर्णन केलं म्हणून त्यांना मेबोमियन ग्रंथी म्हणतात. त्यांची तोंडं पापणीच्या कडेवर, केसांच्या मुळांच्या जरा आतल्या बाजूला उघडतात. आपण डोळा मिचकावतो तेव्हा पापणीचे स्नायू त्या ग्रंथी दाबतात, थोडं तेल बाहेर येतं आणि अश्रूंच्या वर त्याचा अगदी पातळ थर पसरतो. हा थर असला की खालचं पाणी पटकन उडून जात नाही.

आता तुमचा प्रश्न. खूप लोकांत पाणी बनतं व्यवस्थित पण टिकत नाही, कारण वर तेल नाही. मग डोळ्याचा पृष्ठभाग मधे मधे उघडा पडतो, तिथे टोचतं, मेंदूला निरोप जातो आणि अश्रुग्रंथी एकदम भरमसाट पाणी सोडते. ते पाणी गालावर ओघळतं, पण तेल नसल्यामुळे डोळ्यावर थांबत नाही. म्हणून 'ड्राय आय'चे निम्मेअधिक पेशंट रुमाल घेऊनच आत यायचे आणि मी कोरडेपणा म्हटलं की माझ्याकडे संशयाने बघायचे.

मिचकावल्यावर अक्षरं स्पष्ट होतात ना, तेही त्यामुळेच. प्रत्येक मिचकावणीला थर नवा पसरतो, थोड्या वेळाने फाटतो.

दमट हवेचं म्हणाल तर दमटपणाने बाष्पीभवन कमी होतं हे खरं, पण तुम्ही बसता कुठे? डोक्यावर फुल स्पीडचा पंखा किंवा एसी, समोर स्क्रीन. एरवी माणूस मिनिटाला पंधरा-एक वेळा डोळे मिचकावतो, स्क्रीनसमोर ते निम्म्याहूनही कमी होतं आणि जे होतं तेही अर्धवट, वरची पापणी खालपर्यंत येतच नाही. मिचकावलंच नाही तर ग्रंथी दाबली जात नाही, तेल आतल्या आत घट्ट होतं, तोंडाशी बूच बसतं. त्यात बाहेरचं दमट असलं काय आणि सुकं असलं काय.

अबोली_के

काका, किती छान सांगितलंत. शेकाचं पण सांगा ना, माझा टॉवेल तर डोळ्यावर ठेवेपर्यंतच गार होतो.

चष्मेवाले_काका

जानेवारीत पहाटे खोबरेलाची बाटली गोठते ना, उन्हात ठेवली की सुटते, तसंच हे. निरोगी ग्रंथीतलं तेल पापणीच्या नेहमीच्या उबेला पातळ असतं. तुंबलेल्या ग्रंथीतलं तेल बदललेलं असतं, घट्ट, कधी कधी पिवळट पेस्टसारखं, आणि ते वितळायला जास्त ऊब लागते. म्हणून शेक ४० अंशांच्या आसपास हवा आणि तो ५ ते १० मिनिटं टिकायला हवा. नळाच्या कोमट पाण्यात बुडवलेला रुमाल दोनेक मिनिटांत निवतो. डोळ्यांना बरं वाटतं पण आतलं तेल हलत नाही, आणि लोक येऊन सांगतात 'शेक केला, काही फरक नाही'.

टॉवेलच वापरायचा तर गरम पाण्याचं भांडं शेजारी ठेवून दर दोन मिनिटांनी बदलत राहा. नाहीतर मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचा डोळ्यांचा मास्क मिळतो तो घ्या, तो ऊब धरतो. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, तिथे सोसवत नसेल तर डोळ्याला नाही. पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ. मिठाची पुरचुंडी नको ती याचसाठी, तव्यावरच्या मिठाचं तापमान कळत नाही.

सुरंगी_गजरा

तांदूळ चालतील का? मी जुन्या सुती मोज्यात तांदूळ भरून शिवलंय आणि मायक्रोवेव्हमध्ये वीस सेकंद फिरवते. मस्त ऊब राहते. फक्त पावसाळ्यात त्याला टोके झाले, सगळं फेकून नवीन भरावं लागलं 😄

पुण्यातला_देवगडकर

सुरंगीताई, उकडे तांदूळ की सुरय? आमच्याकडे यावरूनही भांडण होईल.

सुरंगी_गजरा

रेशनचे!! जेवायचे कोण घालवतंय.

चष्मेवाले_काका

तांदूळ चालतात, पण मधे काही दाणे जास्त तापतात म्हणून पिशवी हलवून घ्या, वर स्वच्छ ओलसर रुमाल ठेवा. आणि मायक्रोवेव्ह प्रत्येकाचा वेगळा, दुसऱ्याचे सेकंद आपल्याला लागू करू नका.

शेक झाला की लगेच मसाज, तेल वितळलेलं असतानाच. डोळा मिटून वरची पापणी वरून खाली, खालची पापणी खालून वर, म्हणजे दोन्हीकडून केसांच्या दिशेने. स्वच्छ बोटाने हलकं, बुबुळावर दाब नको. काचबिंदू असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तर मसाज डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नका. मग पापणीची कड पुसायची, त्यासाठी मेडिकलमध्ये खास वाइप्स किंवा फोम मिळतात. पूर्वी आम्ही सर्रास बेबी शाम्पू पाण्यात मिसळून सांगायचो, अजूनही बरेच सांगतात, पण काहींना त्याने आग होते.

दिवसातून दोनदा करा, बरं वाटायला लागलं की एकदा. आणि हे बरं झाल्यावर सोडायचं प्रकरण नाही, दात घासण्याच्या यादीत टाका. सगळे लोक इथेच गळतात.

बांगडेप्रेमी

काका एक शंका. सगळीकडे वाचतो की ओमेगा-३ खा, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घ्या. आमच्या घरात बांगडा नाहीतर तारली रोज, मग मला हे व्हायलाच नको होतं की.

निळा_पडाव

यावर जरा वाचलंय म्हणून लिहिते. २०१८ मध्ये अमेरिकेत ड्रीम नावाचा मोठा अभ्यास आला, ५३५ लोक, ड्राय आय असलेले. काहींना वर्षभर रोज ३ ग्रॅम माशांच्या तेलातलं ओमेगा-३ दिलं, बाकीच्यांना ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल. दोन्ही गटांना बरं वाटलं, पण सारखंच. म्हणजे कॅप्सूलने ऑलिव्ह तेलापेक्षा जास्त काही केलं नाही. त्यानंतरही डॉक्टरांची मतं दोन्ही बाजूंना आहेत. मी तरी महागड्या कॅप्सूलपेक्षा बाजारातली तारली आणेन, डोळ्यासाठी नाही तर चवीसाठी.

बांगडेप्रेमी

हे उत्तर घरी फ्रेम करून लावतो.

मधुमालती

मला विचारायचंय एरंडेलाबद्दल. आमच्या सासूबाई रात्री डोळ्यांत एरंडेलाचा थेंब घालतात आणि सकाळी घरचं काजळ. त्यांच्या ऐंशीत चष्मा फक्त वाचायला. मी काही बोलले की म्हणतात तुमच्या डॉक्टरचं वय किती.

निळा_पडाव

सासूबाईंशी वाद नको 😄 पण गंमत म्हणजे काही ल्युब्रिकंट ड्रॉप्समध्ये खरंच एरंडेल असतं, तेलाचा थर टिकावा म्हणून. फरक एवढाच की ते निर्जंतुक असतं, ठरलेल्या प्रमाणात असतं. घाण्यावरचं किंवा दुकानातलं एरंडेल निर्जंतुक नसतं, ते डोळ्यांत नको. गुलाबपाणी, मध, गाईचं तूप, सगळ्याला तेच.

काजळ मात्र या आजारात थेट आड येतं. पापणीच्या आतल्या कडेला लावतो ना आपण, नेमकी तिथेच ग्रंथींची तोंडं. लावायचंच असेल तर केसांच्या बाहेरून लावावं आणि रात्री पूर्ण काढून झोपावं. लग्नकार्यात मी पण लावते, ऋषी नाही मी.

अबोली_के

मला डॉक्टरांनी डेमोडेक्स आहे म्हणून सांगितलं, पापणीच्या केसांत किडे!! ऐकूनच अंगावर काटा आला. कुणाकडून लागतात का हे? घरात सगळ्यांचे टॉवेल वेगळे केलेत. नेटवर टी ट्री ऑइल सांगतात, मागवू का?

चष्मेवाले_काका

घाबरू नका. डेमोडेक्स हे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव, वय वाढेल तसे बहुतेक सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असतात. एक जात केसांच्या मुळाशी राहते, दुसरी तेलाच्या ग्रंथीत. संख्या फार वाढली की त्रास. केसाच्या बुडाशी पारदर्शक कोंड्याची नळी गुंडाळल्यासारखी दिसते, डॉक्टर त्यावरूनच ओळखतात. सकाळी पापणीला खाज हे त्याचं नेहमीचं गाऱ्हाणं. टॉवेल वेगळा ठेवणं एरवीही चांगलंच.

टी ट्रीचं बाटलीतलं शुद्ध तेल डोळ्याजवळ अजिबात नेऊ नका, बुबुळ भाजतं. पापणीसाठी बनवलेले सौम्य प्रमाणाचे वाइप्स असतात, तेही डॉक्टरांना विचारून. अमेरिकेत २०२३ साली लोटिलॅनर नावाचे खास यासाठीचे ड्रॉप्स मंजूर झालेत. तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

पुण्यातला_देवगडकर

माझ्या सहा वर्षांच्या मुलीला वर्षभरात पुन्हा पुन्हा रांजणवाडी होतेय. गावी गेलो की आजी लवंग उगाळून लावते. पुण्यातल्या डॉक्टरांनी थोडा शेक आणि मलम दिलं. एका मित्राने सांगितलं त्याला डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्यांनी फरक पडला, मुलांना देतात का?

चष्मेवाले_काका

नाही. डॉक्सीसायक्लिन मोठ्यांना कमी डोसमध्ये बरेच आठवडे देतात, जंतू मारण्यापेक्षा सूज कमी करायला आणि तेल सुधारायला. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला ते टाळतात, मुलांचे दात कायमचे पिवळे-करडे पडू शकतात. मुलांसाठी डॉक्टरांकडे दुसरे पर्याय असतात. मित्राची गोळी घरात कुणालाच नको.

रांजणवाडी म्हणजे लाल, दुखरी, जंतुसंसर्ग झालेली. ती फुटून जाते. न दुखणारी, वाटाण्याएवढी गाठ मागे राहिली तर ते चॅलेझियन, म्हणजे ग्रंथी बंद होऊन तेल आत साठलेलं. दोन्हीला शेक चालतो, पिळायचं दोन्हीला नाही. लवंग उगाळून लावली आणि डोळ्यांत गेली तर पोर रडून घर डोक्यावर घेईल, दुसरा फायदा काही नाही. मुलीचा नंबर तपासलाय का? नंबर असला की मुलं डोळे चोळतात, हात मातीतले असतात.

आणि लक्षात ठेवा, पूर्ण डोळा सुजून बंद झाला, ताप आला, डोळा फिरवताना दुखायला लागलं, डोळा पुढे आल्यासारखा दिसला किंवा कमी दिसायला लागलं तर शेकत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. रात्र असली तरी.

पुण्यातला_देवगडकर

नंबर तपासला नाहीये, या आठवड्यात दाखवतो. धन्यवाद काका.

निळा_पडाव

अजून एक राहिलं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या तरुण मुलामुलींनी डोळ्यांच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. ते औषध चेहऱ्यावरच्या तेलग्रंथी आकसवतं तसंच पापणीतल्यावरही काम करतं. आणि मेडिकलवाल्याकडून स्वतःच स्टिरॉइडचे ड्रॉप्स आणून लालपणा घालवू नका, घालवतात ते छान पण वारंवार वापरले तर डोळ्यातलं प्रेशर वाढतं, मोतीबिंदू होतो. आमच्या गल्लीत एकच बाटली तीन घरांत फिरत होती, साथ आल्यासारखी.

शिरोडा_नाका

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कुणीच नीट सांगितलं नव्हतं. मास्क मागवलाय, तोपर्यंत टॉवेल आणि पातेलं. पंखा पायाकडे वळवला. मिचकावायचं लक्षात राहत नाही म्हणून लॅपटॉपवर मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे, 'डोळे मिट गो', मीटिंगमध्ये कॅमेऱ्यात दिसली वाटतं, साहेब विचारत होते.

मुंबईतल्या मैत्रिणीने लिपिफ्लो आणि आयपीएल असं काहीतरी करून घेतलंय, त्याबद्दल कुणाला माहिती?

चष्मेवाले_काका

डोळे मिटल्यावर दोन सेकंद थांबा, मग हलकं आवळा, मग उघडा. असं दर अर्ध्या तासाने काही वेळा केलंत तरी पुरे.

लिपिफ्लोमध्ये पापणी आतून ४२ अंशांच्या आसपास तापवतात आणि त्याच वेळी बाहेरून दाबतात, १२ मिनिटांचं काम. अमेरिकेत २०११ पासून आहे, आपल्याकडे मोठ्या शहरांतच, आणि महाग. आयपीएल म्हणजे डोळ्याखालच्या कातडीवर प्रकाशाचे झोत, ते सावळ्या कातडीवर जपून करावं लागतं, डाग पडू शकतात किंवा भाजू शकतं. उन्हात काम करणाऱ्याने तर नक्की विचारावं. आधी घरचा शेक मनापासून दोन-तीन महिने करा. तरी जमलं नाही तर डॉक्टरांकडून इन्फ्रारेड फोटो काढून घ्या, ग्रंथी किती शिल्लक आहेत ते त्यात दिसतं. सुकून गेलेली ग्रंथी सहसा परत येत नाही, म्हणूनच तर घाई करायला सांगतोय.

आणि घरात कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरत असेल तर त्याआधी पापण्या साफ करून घ्या. ड्राय आय असताना लेन्सच्या नंबराचं माप चुकू शकतं, आणि पापणीला सूज असताना ऑपरेशन केलं तर संसर्गाचा धोका वाढतो. कित्येक लोक तारीख घेऊन येतात आणि पापण्या बघून डॉक्टर तारीख पुढे ढकलतात, मग नातेवाईक चिडतात.

रापणकर

माझ्या बापाशीच्या वरच्या पापणेक गाठ इली हा. मागच्या वर्सा कापून काढल्यानी, आता परत थंयच इली. दुखणा नाय, म्हणान तो डॉक्टराकडे जाणा नाय. दर्यावर जन्म गेलो, म्हणता खारो वारो लागलो. शेक दिलो तर जायत काय?

चष्मेवाले_काका

वय किती त्यांचं? गाठीच्या जागेवरचे पापणीचे केस गळलेत का?

रापणकर

सत्तर होतले. होय, थंय केस नाय.

चष्मेवाले_काका

मग शेक देत बसू नका. उतारवयात त्याच जागी परत येणारी गाठ आणि तिथले केस गळणं, यात पापणीच्या तेलग्रंथीचा कॅन्सर नाही ना हे बघावंच लागतं. तो दिसतो अगदी साध्या चॅलेझियनसारखा, आणि आपल्याकडे तो पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो. असेलच असं नाही, पण तुकडा तपासल्याशिवाय कळणार नाही. पापण्यांची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे, ज्यांना ऑक्युलोप्लास्टिक सर्जन म्हणतात, तिथे न्या. मागच्या वेळी काढलेली गाठ तपासायला पाठवली होती का, त्याचा कागद शोधा.

रापणकर

कागद गावलो. त्येच्यार औषधांचीच नावां आसत, रिपोर्ट काय नाय. परवा सकाळच्या गाडयेन घेवन जातंय.

सुरंगी_गजरा

भाऊ, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं बरोबर न्या, आणि मनाने बंद करू नका, तिथले डॉक्टर सांगतील तसं करा. काय सांगितलं ते इथे लिहा.

रापणकर

होय, लिवतंय. एक गोळी चालू आसा, पाकीट पिशयेत घातलंय.